विषाणू नव्हे, फुटलेला वरंबा

संगणकाच्या सुरक्षिततेचा धडा बहुधा एकाच पद्धतीने शिकवला जातो. संगणकाला ‘विषाणू’ लागतो, तो पेन ड्राइव्हमधून येतो, म्हणून सावध राहा. हा उपदेश चुकीचा नाही; पण त्यातून कारण कळत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले, मेर्स्क समूहाकडे असलेले टर्मिनल ठप्प झाले. प्रसाराचा एक मार्ग चोरलेल्या पासवर्डांचा होता; दुसरा विंडोजच्या कर्नेलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, चुकीचा. फायलींची देवाणघेवाण सांभाळणारा तेथील भाग बाहेरून आलेल्या यादीसाठी मेमरीत जागा राखताना लांबीचा हिशेब चुकत असे. जागा कमी, माहिती जास्त. उरलेली माहिती शेजारच्या जागेवर लिहिली जाई.

कुरुंद्याच्या विद्यार्थ्याला हे समजावायला संगणकही नको. हळदीला पाणी देताना वाफा भरला की दारे धरणारा पाणी पुढे वळवतो. त्याचे लक्ष नसेल तर पाणी वरंबा फोडून शेजारच्या वाफ्यात शिरते. सी भाषेत दारे धरायला कोणी नसतेच. दहा घरांच्या ॲरेत अकराव्या घरात लिहू नये, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच पाहायचे. साध्या प्रोग्रॅममधली अशी चूक पुष्कळदा त्या प्रोग्रॅमपुरती राहते. कर्नेलच्या हाती मात्र साऱ्या यंत्राचा कारभार असतो. तेथे कोणी मुद्दाम, मोजून पाणी सोडले, तर सगळे रानच त्याच्या ताब्यात जाते.

बारावीच्या संगणकशास्त्रात ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी प्लस प्लस ही दोन्ही प्रकरणे वर्षानुवर्षे शिकवली गेली. त्यांना जोडणारा हा दुवा मात्र तासाला क्वचितच सांगितला जातो. दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षिततेच्या उणिवांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये रस्ट भाषेला प्रवेश मिळाला. तिच्यात ॲरेची मर्यादा तपासण्याचे काम भाषाच करते. पण सीमध्ये लिहिलेल्या जुन्या कोट्यवधी ओळी आहेतच.

‘विषाणू’ म्हटले की संकट निसर्गाकडून आल्यासारखे वाटते. ही चूक माणसाच्या मोजमापाची आहे, म्हणूनच ती सुधारता येते. विंडोजमधल्या त्या चुकीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. तेव्हा ॲरे शिकवताना शिक्षकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: अकराव्या घरात लिहिले, तर ते कोणाच्या वाफ्यात जाईल?