चांदीचा आवाज कसा असतो?

उत्तम प्रतीचे हेडफोन विकत घेतले की त्यापाठोपाठ दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘सोबत आलेली केबल बदला’ आणि दुसरा, ‘चांगला ॲम्प्लिफायर जोडा’. दोन्ही सल्ले एकाच दमात आणि सारख्याच खात्रीने दिले जातात. हेडफोनची परीक्षणे वाचली तर चांदीच्या तारेने आवाज ‘उजळ’ होतो, तांब्याच्या तारेने तो ‘उबदार’ होतो, महाग केबल लावली की वाद्यांच्या मागची ‘शांतता अधिक काळी’ होते, अशी वाक्ये पानोपानी सापडतात. काही केबलींची किंमत तर हेडफोनच्या किमतीलाही मागे टाकते.

या दोन सल्ल्यांची परीक्षा घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ओहमचा नियम आणि लॉगॅरिदमची थोडी ओळख एवढी सामग्री पुरते. विषय हौसेचा वाटेल; पण विज्ञानाचे शब्द वापरून केलेला दावा तपासायचा कसा, हा प्रश्न हौशी मंडळींपुरता नाही. आपल्या वर्गातली मुले रोज कानाला हेडफोन लावतात, तेव्हा हा प्रश्न विचारायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

उघडी पाठ कशासाठी?

हेडफोनमधला पातळ पडदा पुढे-मागे हलतो आणि दोन्ही बाजूंच्या हवेत ध्वनी निर्माण करतो. पुढचा ध्वनी कानात जातो. मागच्या ध्वनीचे काय करायचे? तो बंद वाटीत कोंडला तर वाटीच्या भिंतींवरून परावर्तित होऊन पुन्हा पडद्यावर येतो. ‘ओपन-बॅक’ म्हणजे उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये वाटीला जाळी असते आणि मागचा ध्वनी सरळ बाहेर निघून जातो. जर्मनीतील सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा असा हेडफोन बाजारात आणला आणि ही रचना लोकप्रिय झाली.

याची किंमतही मोजावी लागते. बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपले गाणे शेजाऱ्याला ऐकू जाते. लोकलमध्ये किंवा एसटीत असा हेडफोन निरुपयोगी. म्हणून ‘खिशात मावणारा ॲम्प्लिफायर’ हा सल्ला ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारावा, की खिशात घालून जायचे कुठे? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘टेबलापासून पलंगापर्यंत’ एवढेच असते. तेवढ्यासाठी बॅटरीची मर्यादा पत्करायची की घरातल्या विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर घ्यायचा, हे आधी ठरवायला हवे. परीक्षणांत हा मुद्दा क्वचितच येतो.

तारेचे गणित

उदाहरणासाठी दोन प्रसिद्ध हेडफोन घेऊ. पहिला सेनहायझरचा एचडी ६५० (२००३). त्याचा इंपीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, ३०० ओहम आहे आणि १ व्होल्ट दिल्यावर तो १०३ डेसिबलचा ध्वनी देतो. दुसरा हायफायमॅन कंपनीचा एचई-६ (२०१०). याचा इंपीडन्स ५० ओहम आहे आणि १ मिलिवॅट शक्तीला तो फक्त ८३.५ डेसिबल देतो.

आता केबल पाहू. १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१६८ ओहम असतो. तशाच चांदीच्या तारेचा ०.०१५९ ओहम. म्हणजे चांदी साधारण ५ टक्क्यांनी सरस. समजा केबल ३ मीटर लांब आहे आणि आतल्या तारेचा छेद ०.१ चौरस मिलिमीटर आहे. जाऊन-येऊन ६ मीटर तार झाली. तांब्याचा रोध १.०१ ओहम येतो, चांदीचा ०.९५ ओहम. हा रोध ३०० ओहमच्या एकसरीत बसतो. तांब्याच्या तारेमुळे ध्वनिपातळी ०.०२९ डेसिबलने घटते, चांदीच्या तारेमुळे ०.०२८ डेसिबलने. दोघींतला फरक ०.००२ डेसिबलहूनही कमी! उत्तम परिस्थितीत, सरावलेल्या कानालाही दोन-तीन दशांश डेसिबलपेक्षा लहान फरक कळत नाही. हा फरक त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे.

‘रोध कमीच असेल, पण धारितेचे काय?’ असे कोणी विचारेल. केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली तर ३ मीटरला ३०० पिकोफॅरड होते. २०,००० हर्ट्झला, म्हणजे श्रवणाच्या वरच्या टोकाला, तिचा विरोध सुमारे २६,५०० ओहम येतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध एखादा ओहम असताना या बारीक फटीतून काही गळत नाही. ‘त्वचा परिणामा’चेही नाव घेतले जाते. उच्च वारंवारतेची धारा तारेच्या पृष्ठभागालगत वाहते, हे खरेच आहे. पण तांब्यात २०,००० हर्ट्झला तिची खोली ०.४६ मिलिमीटर असते आणि आपल्या तारेची त्रिज्याच ०.१८ मिलिमीटर आहे. अशा तारेत धारा सगळ्या छेदातून जवळजवळ सारखीच वाहते. येथे खोटी संज्ञा वापरलेली नाही. खरी संज्ञा चुकीच्या जागी वापरली आहे. विज्ञानाच्या नावाने केलेल्या बऱ्याच दाव्यांचे स्वरूप असेच असते, म्हणून शिक्षकाने संज्ञेच्या पाठोपाठ नेहमी आकडा मागावा.

मग केबलला काहीच महत्त्व नाही का? तसेही नाही. काही केबलींत डाव्या आणि उजव्या बाजूच्या परतीच्या मार्गासाठी एकच तार असते. तिचा रोध अर्धा ओहम असेल आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल, तर एका बाजूचा संकेत दुसऱ्या बाजूत सुमारे ३६ डेसिबल खालच्या पातळीवर झिरपतो. ३०० ओहमच्या हेडफोनला हाच आकडा ५५ च्या पुढे जातो. दोन्ही बाजूंना स्वतंत्र परतीची तार दिली की प्रश्न मिटतो आणि त्यासाठी चांदी लागत नाही. याशिवाय केबल लवचीक असावी, कपड्याला घासल्यावर खरखर ऐकू येऊ नये, प्लग पक्का बसावा, पायात येण्याइतकी लांब नसावी. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, पण खऱ्या आहेत.

ॲम्प्लिफायर: येथे आकडे बोलतात

संगीतातल्या क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलची सोय ठेवायची असे समजू. एचडी ६५० ला त्यासाठी २.२ व्होल्ट लागतात, धारा ७.५ मिलिॲम्पियर आणि शक्ती जेमतेम १७ मिलिवॅट. एचई-६ ला मात्र ४.७ व्होल्ट, ९५ मिलिॲम्पियर आणि जवळजवळ ४५० मिलिवॅट. म्हणजे ‘ओहम जास्त तितका हेडफोन चालवायला अवघड’ हे सर्रास ऐकू येणारे विधान अर्धेच खरे. येथे ५० ओहमचा हेडफोन ३०० ओहमच्या हेडफोनपेक्षा सत्तावीस पट शक्ती मागतो आहे. एकाची भूक व्होल्टची, दुसऱ्याची व्होल्ट आणि धारा दोन्हींची.

आता बॅटरीकडे पाहू. ३.७ व्होल्टच्या एका लिथियम सेलवर, व्होल्ट वाढवणारे मंडल न घालता, ॲम्प्लिफायर फार तर १.३ व्होल्ट (वर्गमध्यमूळ) देऊ शकतो. एचडी ६५० तेवढ्यावर १०५ डेसिबलपर्यंत जातो. बहुतेकांना ते भरपूर आहे. एचई-६ मात्र ९९ च्या आसपास अडतो. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या वापरल्या तर सुमारे ५ व्होल्ट मिळतात, पण एचई-६ ला लागणारी धारा पुरवणे त्या लहान बॅटऱ्यांना जड जाते. अशा हेडफोनला खिशातला ॲम्प्लिफायर सुचवणे म्हणजे बैलगाडीचे ओझे सायकलवर लादणे आहे.

दुसरा आणि अधिक रंजक मुद्दा ॲम्प्लिफायरच्या आतल्या रोधाचा. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या १९९६ च्या एका मानकात हेडफोनसाठी १२० ओहमचा स्रोत धरलेला होता. आता एचडी ६५० चा इंपीडन्स सगळीकडे ३०० नसतो. खर्जाच्या भागात, १०० हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे, पडद्याच्या अनुनादामुळे तो ५०० च्या घरात चढतो. १२० ओहमच्या स्रोताला जोडल्यावर ३०० ओहमच्या जागी २.९ डेसिबल गमावले जातात आणि ५०० च्या जागी १.९. म्हणजे खर्ज इतरांच्या तुलनेत १ डेसिबलने उचलला जातो. हा फरक कानाला कळतो. स्रोताचा रोध १ ओहम असेल तर हीच तफावत ०.०१२ डेसिबल उरते. ॲम्प्लिफायरचा रोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, हा व्यवहारातला नियम यातूनच आला. एचई-६ सारख्या सपाट चुंबकीय पडद्याच्या हेडफोनचा इंपीडन्स सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे त्याला ही बाधा होत नाही.

या संदर्भात २०११ सालच्या ‘ओटू’ या ॲम्प्लिफायरची आठवण ठेवण्याजोगी आहे. त्याच्या रचनाकाराने स्वतःचे नाव कधीच उघड केले नाही. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या या मंडलाचा आराखडा त्याने सर्वांसाठी खुला केला आणि सोबत सगळी मोजमापे दिली. बाहेर पडणारा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, विरूपण किती, गोंगाट किती, सारे आकड्यांत. नाव नसलेल्या माणसावर विश्वास ठेवण्याची कोणाला गरजच पडली नाही. ज्याला शंका असेल त्याने मोजून पाहावे. ज्ञानाचा व्यवहार असाच असायला हवा.

मग लोकांना फरक ऐकू कसा येतो?

येथे परीक्षकांना खोटारडे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांना फरक जाणवतो, हे खरेच. प्रश्न आहे तो कारणाचा. केबल बदलण्यासाठी हेडफोन काढावा लागतो आणि पुन्हा घालावा लागतो. कानावरची त्याची जागा काही मिलिमीटरने सरकली तरी तीव्र स्वरांच्या भागात काही डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे हजारांश डेसिबलचा फरक शोधण्याच्या खटपटीत आपण हजार पट मोठा फरक नकळत घुसडतो! शिवाय बारीकसारीक ध्वनिछटांची स्मृती थोडाच वेळ टिकते, आणि किंचित मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो.

त्यात डोळ्यांची भर. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली दाखवले, की ‘बा’ हा ध्वनी ऐकवताना ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. मेंदू डोळ्यांची साक्ष कानाच्या साक्षीत मिसळतो. चांदी पांढरी, चकचकीत. तिचा आवाज ‘उजळ’. तांबे तांबूस, त्याचा आवाज ‘उबदार’. ही विशेषणे कानाने दिली की डोळ्यांनी, हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणून परीक्षणात तीन गोष्टी नोंदवलेल्या असाव्यात: दोन्ही वेळी ध्वनिपातळी मोजून सारखी केली होती का, कोणती वस्तू चालू आहे हे ऐकणाऱ्यापासून लपवले होते का, आणि किती वेळा ओळखायला लावले. अशी चाचणी घेण्याचे साधन आणि तिची पद्धत डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ सालीच मांडली होती. तरीही बहुतेक केबल-परीक्षणांत यातले एकही उत्तर मिळत नाही. किंमत हा गुणवत्तेचा पुरावा धरण्याचीही सवय सोडायला हवी. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनच्या मोजमापांची किमतींशी तुलना केली, तेव्हा वारंवारता-प्रतिसाद आणि किंमत यांत फारच क्षीण संबंध आढळला.

वर्गात करून पाहण्याजोगे

एखादी जुनी केबल घ्या. हेडफोन जोडू नका. एका टोकाला एका बाजूच्या दोन तारा एकत्र जुळवा. दुसऱ्या टोकाला १.५ व्होल्टचा सेल, १५ ओहमचा रोधक आणि धारामापक एकसरीत जोडा. सुमारे ०.१ ॲम्पियर धारा वाहील. केबलच्या टोकांतील विभवांतर मिलिव्होल्टमध्ये मोजा, धारेने भागा, की केबलचा रोध मिळाला. मग ३२ आणि ३०० ओहमच्या हेडफोनसाठी डेसिबलमधली घट मुलांना काढू द्या.

दुसरा प्रयोग त्याहून स्वस्त. प्रत्येकाने दहा वेळा नाणे उडवण्याआधी छापा की काटा ते सांगायचे. निव्वळ अंदाजाने आठ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दोघे असे निघतीलच. त्या दोघांना ‘सोनेरी कान’ असलेले म्हणायचे का, असे विचारावे. वर्गात जी चर्चा होईल तिच्यात संख्याशास्त्राचा अर्धा पाठ होऊन जातो.

शेवटी एक सावधगिरी. वर ११० डेसिबल हा आकडा क्षणिक शिखरांसाठी घेतला आहे, सतत ऐकण्यासाठी नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल असा आहे. केबल तुटली तर नवी आणता येते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.