मुलांच्या हाती इतिहासाचे कोणते पुस्तक द्यावे?

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, आणि त्या बारांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे आमच्या किनाऱ्यावरील दोन दुर्ग आले, ही वार्ता वाचकांस विदित आहेच. ह्या बहुमानाचा आनंद कोणास होणार नाही? परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर सुशिक्षित पालकांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मुलाला किल्ला दाखविला, होडीतून तटापर्यंत नेले, शिवराजेश्वराच्या मंदिरात नमस्कार करविला. आता घरी परतल्यावर त्याच्या हाती इतिहासाचे कोणते पुस्तक द्यावे? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, आणि शाळेतील शिक्षकही तो विचारतात. त्याचा थोडा सविस्तर विचार करावा, म्हणून हा लेख.

बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग परीक्षेच्या सोयीसाठी काढलेल्या गाइडांचा. त्यांत प्रश्न आधी ठरलेले असतात आणि उत्तरेही. मुलाने मध्ये काही विचारण्यास जागाच उरत नाही. ह्या वर्गाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुसरा वर्ग गौरवपर चरित्रांचा व कादंबऱ्यांचा. हरि नारायण आपट्यांपासून रणजित देसायांपर्यंत मोठमोठ्या लेखकांनी ह्या प्रांतात लेखणी चालविली, आणि मराठी मुलाला इतिहासाची पहिली गोडी बहुधा ह्याच वाटेने लागली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तिसरा वर्ग थोर संशोधकांच्या बृहद्ग्रंथांचा. ते कपाटाची शोभा वाढवितात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ते पेलत नाहीत.

ह्या तिन्ही वर्गांहून निराळे असे एक पुस्तक मात्र महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी वाचले आहे. ते म्हणजे इयत्ता चौथीसाठी तयार झालेले ‘शिवछत्रपती’. त्याच्या गुणांकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. ते शिवजन्मापासून आरंभ करीत नाही. शिवजन्मापूर्वीचा महाराष्ट्र आणि संतांची कामगिरी ह्यांपासून आरंभ करते. थोर पुरुष आकाशातून पडत नाही, तो एका समाजातून उभा राहतो, हा न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडलेला विचार नऊ वर्षांच्या बालकापर्यंत इतक्या सहजपणे पोहोचविणे, ही लहान गोष्ट नव्हे. त्यात गडांना व आरमारालाही स्थान आहे. न्यून आहे ते असे की, ही सर्व हकीकत आपणांस कळली कोठून, हा प्रश्न मुलाच्या मनात उत्पन्न करण्याचे काम ते शिक्षकावर सोडते. आणि शिक्षक बहुधा ते पुढल्या इयत्तेवर सोडतात.

आमच्या मते पुस्तकाची खरी कसोटी ह्याच प्रश्नात आहे, आणि ही कसोटी आम्ही आज नव्याने काढलेली नाही. सातारच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या ग्रांट डफ ह्यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. कॅप्टन केपन ह्यांच्या नावे त्याचे मराठी भाषांतर झाले, आणि ती ‘मराठ्यांची बखर’ आमच्या पणजोबांच्या शाळांत क्रमिक पुस्तक म्हणून चालली. मराठी मुले आपल्या पूर्वजांचा इतिहास परक्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाठ करीत होती. त्या ग्रंथावर १८६८ च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून टीका केली ती नीलकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुणाने. लेखक परका आहे, एवढ्यावर त्याने ग्रंथ फेकून दिला नाही. त्याने लेखकाचे श्रम मान्य केले आणि साधनांविषयी विचारणा केली. पुढे त्याच मासिकातून बखरी छापल्या जाऊ लागल्या, ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला, आणि १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. शाळेतील एका पुस्तकाविषयी योग्य प्रश्न विचारला गेला, आणि त्यातून एका प्रांताचे इतिहाससंशोधन उभे राहिले.

घरी शिकविणाऱ्यांसाठी दुसरे उदाहरण ह्याहून जवळचे आहे. गोविंद सखाराम सरदेसाई हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील गोविलचे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी असताना राजपुत्रांस शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. इतिहास शिकवायचा तर हाती देण्याजोगे मराठी पुस्तक नाही, अशी अडचण पडली. म्हणून त्यांनी टिपणे काढली, आणि त्या टिपणांतून ‘रियासत’ जन्मास आली. तिचा पहिला ग्रंथ १८९८ चाच. प्रत्येक पालकाने रियासत लिहावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुलाला शिकविताना आपणही शिकावे लागते, हा त्यातील बोध प्रत्येकास लागू आहे.

आता कसोटी प्रत्यक्ष कशी लावावी, हे आमच्याच किनाऱ्यावरील तीन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण विजयदुर्गाचे. तेथे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखविले जातात, आणि १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर ह्या शास्त्रज्ञाने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे अनेक पुस्तिकांत छापलेले आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ह्यांनी गुंटूर येथून निरीक्षण केले. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, आणि त्यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तेथूनच केले. ते विजयदुर्गास आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तत्पूर्वी तीन वर्षे, म्हणजे १८९५ साली, रॅम्से ह्यांना हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. दोन ग्रहणांतील तीस वर्षे पुस्तिकाकारांनी एका वाक्यात गिळली! जे पुस्तक ही चूक करते ते अन्यत्र किती बिनचूक असेल, ह्याचा विचार पालकाने करावा. विजयदुर्गास खोट्या भूषणाची गरज नाही. १८९८ साली जगातील एक अग्रगण्य शास्त्रज्ञ ह्या तटावर दुर्बिणी मांडून बसला होता, एवढे सत्य त्याला पुरेसे आहे.

दुसरे उदाहरण ‘चाचे’ ह्या शब्दाचे. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या इंग्रजी गॅझेटियरात आणि तत्पूर्वीच्या इंग्रज लेखकांत आंग्रे हे चाचे आहेत, आणि ‘मालवण’ हे आमच्या गावाचे नाव तर चाच्यांच्या एका जातीचे नाव म्हणून योजिलेले आहे. मालवणच्या मुलाने हे वाचून काय समजावे? १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले, आणि पुढल्याच वर्षी तो करवीरकरांस परत केला, ही हकीकत त्याच ग्रंथांत सापडते. म्हणजे हे ग्रंथ टाकाऊही नव्हेत. मुलाला एवढेच दाखवावे की पोर्तुगीज समुद्रावर जहाजांस परवाने देत आणि परवाना नसलेले जहाज धरीत, तेव्हा तो त्यांचा कायदा होता. कान्होजी आंग्र्यांनी तेच केले, तेव्हा ती चाचेगिरी ठरली. नाव कोणी ठेविले, हे विचारावयास शिकलेला मुलगा पुढे कोणत्याही ग्रंथाकडून फसणार नाही.

मात्र ह्याच प्रश्नाचे दुसरे टोक आपल्याकडे वळते तेव्हा पुष्कळ मराठी पुस्तके एकाएकी अबोल होतात. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणारे गलबतांचे पथक अ‍ॅडमिरल वॉटसन ह्यांचे, बरोबर रॉबर्ट क्लाइव्ह, आणि जमिनीच्या बाजूने वेढा देणारी फौज पेशव्यांची. वॉटसन आणि क्लाइव्ह हे दोघेही पुढल्या वर्षी बंगालच्या मोहिमेत होते, आणि प्लासीची लढाई त्याच वर्षीची. पेशव्यांनी असे का केले, तुळाजीच्या वर्तनाने त्यांस किती भाग पाडले, त्यातून मराठी समुद्रसत्तेचे काय झाले, ह्यांविषयी मतभेद आहेत आणि असावेत. परंतु जे पुस्तक केवळ इंग्रजांचे कपट सांगून पेशव्यांची फौज गाळते, ते मुलाशी अप्रामाणिक वागते. मूल मोठे झाल्यावर ही गोष्ट त्याला कळणारच. आणि मग ते पेशव्यांवर नव्हे, ज्याने पुस्तक हाती दिले त्या बापावर अविश्वास धरील.

तिसरे उदाहरण माणसांचे. सिंधुदुर्गाच्या बांधकामास १६६४ साली आरंभ झाला, हे वर्ष सर्व पुस्तके देतात. परंतु सभासदाच्या बखरीत आरमाराच्या सरदारांत दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक भंडारी अशी दोन नावे जोडीने येतात. ती किती पुस्तके देतात? आमच्या किनाऱ्यावरील शाळांच्या वर्गांत भंडाऱ्यांची, गाबितांची व मुसलमानांची मुले शेजारी-शेजारी बसतात. इतिहासाच्या पुस्तकात आपले कोणी आहे काय, हे प्रत्येक मूल मुकाट्याने शोधीत असते. ज्यांनी तटाचे दगड वाहिले, गलबते बांधली आणि वल्ही मारली, त्यांस एक पानही न देणारे पुस्तक कितीही ओजस्वी असो, ते अपुरे आहे.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो आम्ही हलका लेखत नाही. लहान वयात असे प्रश्न शिकविले तर मुलाची श्रद्धा ढळेल, थोर पुरुषांविषयीचा आदर नाहीसा होईल, असे पुष्कळ सुजाण पालक म्हणतात. त्यांस आमचे उत्तर असे की, सभासदाहून अधिक श्रद्धावान लेखक कोठे मिळणार? शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेल्या ह्या गृहस्थाने महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, दूर जिंजीच्या किल्ल्यात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून आपली बखर लिहिली. हे सांगितल्याने बखरीचे मोल घटत नाही. लिहिणारा कोण, केव्हा लिहितो, कोणासाठी लिहितो, हे कळल्यावर तीच बखर मुलाला अधिक जिवंत वाटते. आणि जिंजीही त्या बारा किल्ल्यांतच आहे, हे नकाशात पाहून त्याला नवल वाटते. जो आदर प्रश्नाने ढळतो तो मुळात घोकलेला असतो. मालवणात राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा २०२४ च्या ऑगस्टात कोसळला, तेव्हा सर्वांस दुःख झाले. पण समोर समुद्रात साडेतीन शतके उभा असलेला तट पाया कसा घालावा हे सांगतच होता. मुलांच्या मनातील आदराचा पायाही तसाच घातला पाहिजे.

आता प्रत्यक्ष सूचना. आठ-दहा वर्षांपर्यंत गोष्टीरूप चरित्र अवश्य द्यावे, पण ‘ही गोष्ट आहे’ आणि ‘हे घडले आहे’ हा भेद वाचतानाच तोंडी सांगावा. दहा ते तेरा ह्या वयात नकाशा आणि सनावळी असलेले एक सरळ पुस्तक निवडावे. नकाशावाचून समुद्राचा इतिहास म्हणजे पाण्यावाचून होडी. तेराच्या पुढे एकाच प्रसंगावर परस्परांशी न जुळणारी दोन पुस्तके द्यावीत, आणि विजयदुर्ग १७५६ हा प्रसंग ह्यासाठी उत्तम आहे. ‘श्रीमान योगी’ द्यावयाची असेल तर नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना वगळू देऊ नये. कादंबरीकार आणि इतिहासाचा विचारक एकाच सामग्रीकडे किती भिन्न रीतीने पाहतात, हे त्या एका ग्रंथातच शिकावयास मिळते. इतकी पुस्तके विकत घेण्याची ऐपत सर्वांची नसते, हे आम्ही जाणतो. त्यासाठी सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारखी जुनी ग्रंथालये आहेत. मुलाला घेऊन तेथे जाणे हाही इतिहासाचाच एक पाठ आहे.

निर्दोष पुस्तक आम्हांस सांगता आलेले नाही, ही तक्रार वाचक करतील, आणि ती खरी आहे. तसे पुस्तक नाही. परंतु पुस्तकाच्या शेजारी बसून ‘हे ह्यांना कसे कळले असेल रे?’ असे मुलाला विचारणारी आई किंवा आजोबा घरात असतील, तर मध्यम प्रतीचे पुस्तकही चालेल. आणि तसे कोणी नसेल, तर रियासतीचे सर्व खंड आणूनही उपयोग नाही.