‘कालियामर्दन’ : मूकपटाची संहिता आणि संगीताचा अन्वय

जतन केलेल्या मूकपटाचे जिवंत संगीतासह समूहासमोर प्रदर्शन होते, तेव्हा संगीताला केवळ ‘साथ’ मानण्याचा प्रघात आहे. हा समज तपासून पाहावयास हवा.

दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) या दृष्टीने लक्षणीय आहे. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या या पटाचा बराचसा भाग आज उपलब्ध आहे. आरंभी कथा नाहीच. फाळके यांची बालवयातील कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक मुखभाव दाखविते आणि मग त्या चेहऱ्याचा कृष्ण होतो. नटी आणि भूमिका यांतील अंतर दिग्दर्शकाने लपविलेले नाही. ते उघड करूनच त्याने प्रेक्षकाला भक्तिरसात नेले आहे. पुढे डोहातील झुंज आणि काठावरचा आकांत आलटूनपालटून दिसतात. काठावरचे गोकुळ म्हणजे पडद्यातले प्रेक्षकच होत.

हा पट नांदेडला किंवा लातूरला दाखवावयाचा, तर संगीत कोणते असावे? १९१९ साली हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, घरातली मराठी. अशा ठिकाणी मूकपटाला ‘मराठी’ करू शकला असता तो पडद्यावरील पाट्यांपेक्षा पडद्याशेजारचा आवाजच. आणि आवाजाची येथे वाण नाही. औशाच्या नाथपरंपरेतील चक्रीभजन आहे, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीचे गाणे आहे. कालियाची कथा येथील श्रोत्याला पाठच असते. पुढे काय घडते यापेक्षा ते कसे सांगितले जाते, याकडे त्याचे कान असतात. तेव्हा टाळ-मृदंगाची योजना उचितच. (महोत्सवी कीबोर्डपेक्षा तर निश्चितच!)

परंतु याच योजनेत एक धोका आहे. पहिल्या मुखभावापासून गजर सुरू झाला, तर मंदाकिनी कोणाला दिसणारच नाही. थेट देवच दिसेल. फाळके यांनी हेतुपूर्वक ठेवलेली फट संगीत बुजवून टाकील, आणि ही केवळ रसहानी नव्हे. तो संहितेतच केलेला बदल ठरेल. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, आख्यान उत्तररंगासाठी राखून ठेवतो. वादकांनी हाच संकेत पाळावा. मुखभावांपुरते मौन, फार तर एकतारी. डोहाकाठी मात्र आवाज उणा पडू नये. तेथे सभागृहातला गजर मृदंगात मिसळला तरी बिघडत नाही.