राडेलचा डबा आणि माझा आकस

बेंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांच्या राडेल कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला मी वीसेक वर्षे ‘कोरडा डबा’ म्हणत आलो. मिरजेचा तंबोरा कानात बसलेल्या माणसाला ते सोपे होते. फरीदसाहेब शिकलगारांपासून चालत आलेल्या त्या कारागिरीत घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा जवारी उघडतो आणि एका षड्जातून इतर स्वर ऐकू येऊ लागतात. डब्यातले आवर्तन ठरलेले. बोट रेंगाळत नाही, चुकतही नाही.

मत ढळले ते दिग्रसमध्येच. मी ज्या तंबोऱ्याशी तुलना करत होतो, तो इथे होता कुठे? आमच्याकडे शिकणारी मुले रियाज करतात पेटीवर. समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर). पेटी धरून गाणारा गळा तोच उचलतो. शेजारच्या एका मुलीने वर्षभर डब्यावर रियाज केला. डबा षड्ज-पंचम देई, गंधार तिचा तिने शोधायचा. तिचा भूप ऐकला, गंधार जागेवर होता. (तीनदा गाऊन घेतला. खोड जात नाही.)

टीका मी मैफलीच्या हिशेबाने करत होतो. डबा काम करत होता रियाजाचे. मैफलीत तो मला अजूनही नको. पण ‘तंबोऱ्याशिवाय बसू नका’ असे ज्यांना ठासून सांगितले, त्यांतल्या दोघांनी गाणेच सोडले. एकाला परवा फोन केला.