स्वस्तातला समुद्र

थोड्या पैशांत घरच्या घरी समुद्री मत्स्यपेटी कशी उभारावी, हे सांगणारे लिखाण आता भरपूर उपलब्ध आहे. त्याचा साचाही ठरून गेला आहे. लहान काचपेटी घ्या, जुना पंप चालेल, साधे एलईडी दिवे पुरतील, महाग उपकरणे टाळा, खडक कुठून तरी स्वस्तात मिळवा. महिन्या-दोन महिन्यांत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश आणि चार-दोन प्रवाळ पेटीत नांदू लागतील. विज्ञानशिक्षकाला याचा मोह पडावा हे स्वाभाविक आहे. प्रवाळभित्तीचा एक तुकडा शाळेच्या प्रयोगशाळेत असावा असे कुणाला वाटणार नाही? मात्र या लिखाणातला हिशेब तपासून पाहिला तर तो फार ठिकाणी कच्चा निघतो, आणि त्याची भरपाई मासे व प्रवाळ करतात.

या साऱ्या स्वस्त पेट्यांचे मूळ जाकार्ताच्या ली चिन एंग यांच्याकडे जाते. 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकी मासिकात १९६१ साली त्यांनी आपली 'निसर्गाची पद्धत' मांडली. समुद्राचे पाणी, समुद्रातून आणलेले जिवंत खडक, नळीतून सोडलेले हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढेच तिचे साहित्य. जिवंत खडक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा सच्छिद्र चुनखडक. त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूच्या साहाय्याने काम करणारे जिवाणू असतात. ते माशांनी टाकलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आतल्या छिद्रांत प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात आणि तो पाण्यातून निघून जातो. एका दगडात दोन कारखाने! वेगळ्या गाळणीची गरज का पडली नाही, हे यावरून कळते.

ही पद्धत सुंदर होती, यात शंका नाही. पण युरोप-अमेरिकेत तिची नक्कल करणाऱ्यांपैकी अनेकांच्या पदरी कुजलेले पाणीच आले. लांबच्या प्रवासात खडकावरचे बरेच जीव मरत, पेटीत सडत. उत्तरेकडचे ऊन हिवाळ्यात अपुरे पडे. जाकार्तात समुद्र हाताशी होता, खडक ताजे मिळत, ऊन आणि उष्मा बारा महिने जवळजवळ सारखाच. माझ्या मते ली यांची पेटी स्वस्त पडली, कारण तिच्या खर्चाचा मोठा वाटा समुद्र उचलत होता. पुढे जर्मनीत जिवंत खडकांना प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमरची जोड मिळाली. स्किमर फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढतो. ही पद्धत समुद्रापासून दूरही टिकली, पण ती स्वस्त राहिली नाही. आजचे काटकसरीचे सल्ले ली यांची किंमत सांगतात आणि बर्लिनच्या पेटीचे छायाचित्र दाखवतात, अशी माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरी तक्रार 'लहान पेटी घ्या' या सल्ल्याविषयी. काच कमी लागते हे खरे. आता ५० लिटरची पेटी घेऊ. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एका दिवसात लिटरभर पाणी वाफ होऊन गेले की क्षार तेवढेच राहतात, पाणी ४९ लिटर उरते आणि खारेपणा ३५.७ वर जातो. शनिवारी दुपारी कुलूप लावून सोमवारी सकाळी उघडलेल्या प्रयोगशाळेत तो ३६.५ च्या घरात असेल. (दिवाळीच्या सुट्टीचे गणित मुलांनाच करू द्यावे.) त्याच आकाराची, पण ५०० लिटरची पेटी घेतली तर पाण्याचा पृष्ठभाग दहापट होत नाही, सुमारे ४.६ पट होतो. म्हणून तिथे त्याच एका दिवसात खारेपणा ३५.३ च्या आसपासच राहतो.

मेलेल्या माशाचे गणित याहून वाईट आहे. दहा ग्रॅमचा मासा कपारीत मेला आणि कुणाच्या लक्षात आले नाही असे समजा. त्यात प्रथिने सुमारे १८ टक्के, प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के. तो सगळा अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरला तर ५० लिटरमध्ये लिटरमागे जवळजवळ ६ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतो. समुद्री माशांना १ मिलिग्रॅमदेखील धोक्याचा. मोठ्या पेटीत हाच आकडा ०.६ च्या आत राहतो, आणि जिवाणूंना काम उरकायला वेळ मिळतो. पैसे कमी असणाऱ्याने लहान पेटी घ्यावी, हा सल्ला म्हणजे नवशिक्या सायकलस्वाराला एकचाकी देण्यासारखे आहे.

तापमानाबाबत हे लिखाण बहुधा थंड देशांच्या सल्ल्यांवर बेतलेले असल्याने पाणी गरम ठेवण्याच्या कांडीवर पानभर मजकूर असतो. आपल्याकडे अडचण उलटी आहे. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंशही जास्त, तो काही आठवडे टिकला, की प्रवाळ आपल्या ऊतींतले एकपेशीय शैवाल गमावून पांढरे पडू लागतात. आणि त्यांचे बरेचसे अन्न हे शैवालच पुरवतात. पाणी थंड ठेवणारे यंत्र महाग. स्वस्त उपाय म्हणजे पृष्ठभागावर वारा मारणारा पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते, म्हणून उपाय पक्का आहे. परंतु हवा कोरडी असेल तरच. पुण्याच्या एप्रिलमध्ये पंखा दोन-तीन अंश उतरवील, रत्नागिरीच्या जूनमध्ये नुसताच फिरेल. शिवाय उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची असते, खाऱ्या नव्हे, हे वाक्य पुष्कळ ठिकाणी गाळलेले दिसते.

मिठाविषयी थोडक्यात. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागते, ते समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. आठवड्याला पाच लिटर पाणी बदलायचे म्हटले तरी वर्षाला नऊ किलो तयार मिश्रण लागते. हा खर्च सुरुवातीच्या यादीत कुठेच नसतो.

जुनी पुस्तके याबाबतीत अधिक प्रामाणिक वाटतात. मार्टिन मो यांचे १९८२ चे 'द मरीन अ‍ॅक्वेरियम हँडबुक' आणि डेलबीक व स्प्रंग यांचा १९९४ चा 'द रीफ अ‍ॅक्वेरियम' यांतली उपकरणे आता कालबाह्य झाली. दिव्यांवरची प्रकरणे तर खुशाल वगळावीत. मो स्वतः क्लाऊनफिशची पैदास करून विकणारे. मासा मेला तर नवा आणू, ही वृत्ती अशा माणसाला परवडत नाही.

ती वृत्ती कुणाला परवडते, हे बाजारात दिसते. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून मत्स्यपेट्यांसाठी मासे पकडताना सोडियम सायनाइडची फवारणी झाली. गुंगी आलेला मासा हाती लागतो, शेजारचे प्रवाळ मरतात, आणि तो मासाही पुष्कळदा पुढे काही दिवसांत मरतो. अशा माशाची किंमत कमी असू शकते. स्वस्त पेटीचा सल्ला देणाऱ्याने त्याबद्दल मौन पाळू नये.

'खडक स्वस्तात मिळवा' हे वाक्य तर आपल्या देशात सरळसरळ गुन्ह्याकडे नेणारे आहे. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला ओहोटीच्या वेळी दिसलेला प्रवाळ उचलणे, मग तो जिवंत असो की नुसता सांगाडा, कायद्याला मंजूर नाही. सहलीला नेलेल्या मुलांनी पिशवीत काय भरले आहे ते परतताना पाहावे.

मग शिक्षकाने काय करावे? माशाविना सुरुवात करावी. पन्नास-साठ लिटरची जुनी पेटी, हवेचा पंप, तयार मिश्रणाचे खारे पाणी, खाणीतल्या सच्छिद्र चुनखडीचे धुतलेले तुकडे आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजण्याचे संच एवढे पुरे. त्यात प्रयोगशाळेतला शुद्ध नवसागर ०.३ ग्रॅम विरघळवला की ५० लिटरमध्ये लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. (कल्हईवाल्याचा नवसागर नको, त्यात धातू असू शकतात.) दर दोन दिवसांनी तिन्ही आकडे मोजून मुलांनी आलेख काढावा. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढतो. तो उतरू लागला की नायट्रेट. साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. तिन्ही रेषा वर्गाच्या भिंतीवर पूर्ण झाल्या, आणि सुट्टीत पाण्याची भर कोण घालणार हे ठरले, की पैदास केंद्रातल्या क्लाऊनफिशच्या एका जोडीचा विचार करता येईल. ही जात बंदिस्त जागेत वाढवण्याचे तंत्र आपल्या देशातही अवगत आहे. प्रवाळ मात्र यादीत घालू नयेत. पहिले दहा-बारा दिवस आलेख जवळजवळ सपाट राहील आणि मुले विचारतील, "सर, मासा कधी?" तेव्हा त्यांना पुन्हा एकदा अमोनिया मोजायला सांगावे.