जात्यावरील ओवी आणि शेतकरी स्त्रीच्या बालपणाची आठवण
(धाराशिव परिसराच्या संदर्भात)

मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा विचार करताना रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. ह्या परंपरेत रानात राबत वाढलेल्या मुलीचे बालपण फार उशिरा अवतरले, आणि अवतरले तेही मुख्यतः दलित लेखिकांच्या लेखणीतून. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' व बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही दोन्ही पुस्तके १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जमीन असलेल्या कुणबी घरातील स्त्रीने त्या मानाने लिहिले नाही. तिला अक्षरओळख नव्हती हे कारण खरे, परंतु पुरेसे नव्हे. गद्य आत्मकथनातील 'मी' हा आपल्या घराविषयी साक्ष देणारा 'मी' असतो, आणि अशी साक्ष देणे म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणे, असे तिच्या भोवतीचा समाज मानीत आला. तिने आपले बालपण सांगितले ते जात्यावर.

ओवी हे आत्मकथन आहे काय, हा प्रश्न येथे प्रथमच उपस्थित होतो. ओवी कोणा एकीची नसते. एकीने रचलेली ओवी दुसरी उचलते, तिसरी तीत आपल्या भावाचे नाव घालते. तेव्हा तिच्यातील 'मी' व्यक्तिवाचक न मानता स्थानवाचक मानावा लागतो. 'लेक', 'बहीण', 'सासुरवाशीण' ह्या स्थानांवर जी जी स्त्री येऊन बसेल तिचा तो 'मी' होतो. म्हणून अनेक विवेचकांनी ओवीस समूहाचे काव्य ठरविले व आत्मचरित्राच्या विचारातून ती वगळली. हा निर्णय घाईचा वाटतो. समूहाचे असणे आणि कोणा एकीचे असणे ह्यांत अंगभूत विरोध नाही. पहाटेच्या अंधारात एकच बाई जात्याचा खुंटा धरून बसलेली असते, आणि शेकडो ओव्यांपैकी कोणत्या म्हणावयाच्या हे तीच ठरवीत असते. निवड हेच तिचे कर्तृत्व होय.

ह्या निवडीचा पुरावा नष्ट झाला तो बव्हंशी संकलनाच्या पद्धतीमुळे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' हा मराठीतील फार मोलाचा संग्रह. परंतु त्याची मांडणी विषयवार आहे. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातील स्त्रियांच्या ओव्यांतून 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' सिद्ध केली, तीत कथेचा क्रम हा मांडणीचा आधार आहे. दोघांचेही हेतू उदात्त होते. तथापि विषयवार मांडणीत एका बाईच्या तोंडची माहेराची ओवी एका प्रकरणात जाते, तिचीच सासूविषयीची ओवी दुसऱ्या प्रकरणात, आणि ती कोणतीनंतर कोणती आली हे कळण्याचा मार्ग राहत नाही. आठवण ही क्रमात असते. क्रम मोडला की आठवणीचा विषय होतो. पुढे हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी पुणे येथील समाजविज्ञान संशोधन केंद्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणारीचे नाव व गाव ह्यांसह नोंदविल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. त्यामुळे प्रथमच बाई तिच्या ओव्यांकडे परत आली. (हा संग्रह २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर क्रमशः खुला होत आला आहे, भाषेच्या विद्यार्थ्याने तो नुसता वाचू नये, ऐकावा.)

आता भाषेकडे वळावयास हरकत नाही. 'माहेर' हा शब्द संस्कृत 'मातृगृह' ह्यापासून प्राकृतद्वारा आला, हे सर्वमान्य आहे. 'सासर' हे श्वशुराचे घर. 'माहेर' मात्र पित्याचे नव्हे, मातेचे. शब्दाने जपलेली ही मालकी ओवीतही दिसते. घर, उंबरा, तुळस, चूल ह्यांचा संबंध आईशी लावला जातो. परंतु गाणारी घराबाहेर पडून बांधावर आली की षष्ठी विभक्ती एकदम पालटते. शेत बापाचे, आणि बाप थकल्यावर बंधूचे. तिफण बंधूची, बैल बंधूचे, खळ्यावरची रास बंधूची. तीच मुलगी त्या रानात पात धरून खुरपत वाढलेली असते, ज्वारीच्या ताटांवरची पाखरे हाकलत तिने सुगीचे दिवस काढलेले असतात. पण 'माझे' हे विशेषण ती माणसांना लावते, जमिनीला लावीत नाही. 'माझा बाप', 'माझा बंधू' असे म्हटल्यावर त्यांच्यामार्फत शेत तिचे होते, तेवढेच. ज्या रामकथेला स्त्रियांनी ओवीत इतके आपलेसे केले तिची नायिका नांगराच्या तासात सापडलेली. 'सीता' ह्या शब्दाचा अर्थच मुळी नांगराने पाडलेली रेघ असा आहे.

षष्ठीने जे नाकारले ते क्रियापदाने मात्र राखले आहे, आणि ओवीचे महत्त्व येथे आहे. मराठीत सकर्मक धातूचा भूतकाळ कर्मानुसारी असतो. 'मी शेत खुरपले' ह्या वाक्यात खुरपणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. क्रियापद शेताशी जुळते. गद्यात सांगितलेल्या आठवणींत 'आम्ही पहाटे उठत असू' अशी अनेकवचनी रचना आली म्हणजेही लिंग लोपते. ओवी मात्र बहुधा वर्तमानकाळात चालते: 'सांगते', 'दळते', 'वाट पाहते'. हा '-ते' प्रत्यय कर्त्री स्त्री असल्याची साक्ष प्रत्येक चरणात देतो. ओवीतील वर्तमानकाळ केवळ छंदाच्या सोयीसाठी आहे, असे म्हणून भागणार नाही. साठ वर्षांची बाई दहाव्या वर्षीचे बालपण 'झाले' असे न म्हणता 'होते आहे' असे म्हणते, कारण जात्याच्या फेऱ्यात ते पुन्हा होत असते.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद, नामांतर २०२३) जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, पूर्वेकडे उमरग्याच्या बाजूस शेजार कन्नडचा, आणि घरात मराठी. शेतकऱ्याच्या मुलीचा ह्यांपैकी पहिलीशी संबंध आला नाही. दुसरीशी आला तो भांड्यांतून आणि सणांतून. पाण्याच्या घागरीला ह्या भागात 'बिंदगी' म्हणतात, तो कन्नड 'बिंदिगे'. आणि ह्या भागाचा विशेष सण जी येळवस, ती 'वेळा अमावास्या' असे आज लिहिले जात असले तरी कन्नडातील 'एळ्ळ अमावास्ये'पासून तोडता येत नाही. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. 'वेळा' हे लोकव्युत्पत्तीचे चांगले उदाहरण मानावे.

येळवशीचा दिवस हा ह्या परिसरातील बालपणाच्या आठवणींचा केंद्रबिंदू आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मार्गशीर्ष अमावास्येस उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करतात, तीत पाच पांडव मांडतात, आणि गावेच्या गावे ओस पडून सारी माणसे रानात जेवावयास जातात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, हा सारा स्वयंपाक रात्रभर जागून बायका करतात व डोक्यावर वाहून नेतात. वर्षाचे इतर दिवस मुलगी रानात जाते ती खुरपे घेऊन. ह्या एका दिवशी ती नवे कापड अंगावर घालून जाते. सणाची आठवण एवढी गोड का, ह्याचे उत्तर पदार्थांत शोधणाऱ्यांनी हा फरक विचारात घेतलेला दिसत नाही.

ओवीतील षष्ठीचा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, हे कायद्याच्या इतिहासावरून दिसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीस पित्याच्या मिळकतीत वाटा दिला. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः सहदायाद मानले, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. तरीही खेड्यात बाप वारल्यावर बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत चालूच आहे. ती अंगठा किंवा सही देते, आणि बहुतेक वेळा तक्रारीवाचून देते. वाटा मागितला तर माहेर तुटेल, पंचमीला मुराळी येणार नाही, हे भय त्यामागे असते. ओवीतील बहीण भावाकडून चोळी मागते, पातळ मागते, क्वचित गाय मागते. जमीन मागत नाही. ह्या ओव्यांस 'बहीणभावाचे प्रेम' अशा मथळ्याखाली छापताना त्या प्रेमाची किंमत कोणी मोजली हे झाकले जाते. प्रेम खोटे होते असा ह्याचा अर्थ नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकत्र होत्या, आणि मागितलेल्या चोळीत न मागितलेले शेत ऐकू येते, एवढेच म्हणावयाचे आहे. भूमिहीन घरातल्या स्त्रीच्या ओव्यांना हे विवेचन जसेच्या तसे लागू पडणार नाही. तिला रान माहेरीही परक्याचे आणि सासरीही परक्याचे.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते माळ्यावर गेले. आज ओवी येते ती जाते ओढत वाढलेल्या, आता वृद्ध झालेल्या स्त्रियांना. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर व लोहाऱ्याच्या बाजूची अनेक गावे नव्या जागी वसली, तेव्हा त्या गावच्या लेकींचे माहेरचे घर, म्हणजे खरोखरीचे मातृगृह, राहिले नाही. शेते मात्र जिथल्या तिथे राहिली. अशा बायकांना बालपणाविषयी विचारणाऱ्या संशोधकाने ओव्यांबरोबर शेतांची नावेही लिहून घ्यावीत. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. बायकांच्या तोंडी चिंचेचे, विहिरीचे, माळावरचे, ओढ्याकडचे अशी नावे असतात, आणि हक्कसोडपत्रावर अंगठा दिल्यानंतरही ती त्यांना क्रमाने सांगता येतात.