कचेरीचा कोश आणि चुलीजवळची भाषा

परप्रांती गेलेला मराठी अधिकारी तेथील भाषा शिकतो, ती बहुधा कचेरीपुरती. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हे या दृष्टीचे सर्वोत्तम फळ होय. राज्यकारभारातील संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतील पर्याय देणारा हा कोश विद्वत्तेचा नमुना खरा. परंतु ‘ओरडो’ म्हणजे खोली, ‘बारी’ म्हणजे खिडकी आणि ‘रसोडुं’ म्हणजे स्वयंपाकघर, हे मराठी गृहिणीने शेजारणीकडूनच शिकावयाचे. कोशाचे ते प्रयोजनच नव्हे, हे मान्य. पण गरज उरतेच.

रायपूरनजीक सिलतऱ्यात, लोखंडाच्या कारखान्यांच्या धुरात बिऱ्हाड थाटलेल्या आमच्यासारख्यांना वाट दाखविणारा ग्रंथ निराळा आहे. धमतरीचे मुख्याध्यापक हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली छत्तीसगडीचे व्याकरण हिंदीत लिहिले आणि ग्रिअर्सनने त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० साली प्रसिद्ध केला. नियमांपाशी न थांबता ते लोकांच्या कथा-गीतांपर्यंत जाते, हा त्याचा मोठा गुण. शब्द तेथे वापरणाऱ्या माणसांसह भेटतो.

तथापि व्याकरणाने शेजार पुरता कळत नाही. येथे ‘पारा’ म्हणजे वस्ती, ‘पताल’ म्हणजे टोमॅटो. ‘भाजी’ म्हणजे केवळ पालेभाजी. आपण जिला भाजी म्हणतो ती ‘साग’. या गमती लवकर अंगवळणी पडतात. अवघड असतो तो ‘बासी’सारखा शब्द. घरकामास येणाऱ्या बाईंनी सकाळी बासी खाल्ल्याचे सांगितले, तेव्हा “शिळे का खाता?” म्हणून आम्ही हळहळलो. त्या हसल्या. रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला तो भात उन्हाळ्यात कष्टकऱ्यांचा थंडावा असतो. ‘शिळा भात’ हा पर्याय कोशात चूक ठरणार नाही. माणसाला मात्र तो दीन ठरवितो.

या प्रदेशावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. अंमलदाराची भाषा आपणास वारशानेच मिळालेली आहे. शेजाऱ्याची भाषा कमवावी लागते. म्हणून शब्दसंग्रहाची आमची कसोटी एकच: तो वाचून कुणाच्या परछीत क्षणभर टेकता आले पाहिजे आणि ‘का साग रांधे हस?’ या प्रश्नास संकोच न वाटता उत्तर देता आले पाहिजे.